विश्लेषण : घरपट्टी, पाणीपट्टी, दाखल्याची फी… पोशेऱ्यात दर ठरवते कोण आणि बदलते कधी?

मार्च महिना आला की ग्रामपंचायतीचा कर्मचारी वसुलीचे पुस्तक घेऊन पाड्यावर येतो. पावतीवर घरपट्टी, दिवाबत्ती, आरोग्य, पाणीपट्टी असे रकाने असतात. रक्कम मागच्या वर्षीपेक्षा जास्त दिसली की पहिला प्रश्न त्यालाच विचारला जातो, ‘वाढवली कुणी?’ खरे तर हा प्रश्न त्याच्यासाठी नसतोच. दर कुठे ठरतो, कोणत्या कागदावर ठरतो आणि त्यावर हरकत घेण्याची संधी कधी मिळते, हे बहुतेकांना पावती हातात पडल्यावरच शोधावे लागते. तोपर्यंत हरकतीची मुदत संपलेली असते. मोखाडा तालुक्यातील पोशेरा हे गाव समोर ठेवून हे गणित समजून घेऊ.

शेजारची गावे, पण नियम वेगळे कसे?

पोशेऱ्याचा कारभार ग्रामपंचायतीकडे आहे. त्यासाठी महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम १९५८ आणि कर व फी नियम १९६० लागू होतात. तालुक्याचे ठिकाण असलेल्या मोखाड्यात नगरपंचायत आहे, तर संस्थानकाळापासून नगरपालिका असलेल्या जव्हारमध्ये नगर परिषद. या दोन्ही ठिकाणी १९६५ चा महाराष्ट्र नगर परिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम लागू होतो. मुंबई महापालिका आजही १८८८ च्या स्वतःच्या कायद्याने चालते. म्हणजे पोशेऱ्यातले घर आणि मोखाड्यातले घर आकाराने सारखे असले, तरी त्यांच्या घरपट्टीचे सूत्र, आकारणी करणारा अधिकारी आणि अपिलाची पायरी वेगळी असते. ‘त्यांना कमी, आम्हाला जास्त’ असे वाटण्यामागे अनेकदा हेच कारण असते.

तिन्ही ठिकाणी एक गोष्ट मात्र समान आहे. खिडकीवरचा कर्मचारी, ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचे ग्रामसेवक) किंवा मुख्याधिकारी मनाने दर ठरवू शकत नाहीत. प्रत्येक दरामागे कायद्याचे कलम, ठराव किंवा शासन निर्णय असावाच लागतो.

कर आणि शुल्क यात फरक काय?

कर सर्वांनी मिळून गावाचा गाडा चालवण्यासाठी द्यायचा असतो. रस्त्यावरच्या दिव्याखालून तुम्ही रोज जा किंवा जाऊ नका, दिवाबत्ती कर द्यावाच लागतो. शुल्क किंवा फी ही ठरावीक सेवेच्या बदल्यात घेतली जाते. नळजोडणी घेतली तर त्याचे पैसे, दाखला काढला तर त्याचे पैसे.

ग्रामपंचायतीच्या पावतीवर हा फरक पाण्याच्या दोन रकान्यांत स्पष्ट दिसतो. ‘सामान्य पाणीपट्टी’ ही सार्वजनिक विहीर, हातपंप, सार्वजनिक नळ यांसाठी असते. ‘विशेष पाणीपट्टी’ ही घरात नळ घेतलेल्यांसाठी असते. नळ नसताना विशेष पाणीपट्टी लावली असेल, तर ती चूक आहे आणि ती दुरुस्त करून घेता येते.

घरपट्टीचे सूत्र कसे आहे?

ग्रामपंचायत हद्दीत आधी घराच्या क्षेत्रफळावर, म्हणजे चौरस फुटाला अमुक या पद्धतीने कर घेतला जात असे. डिसेंबर २०१५ मध्ये नियमांत दुरुस्ती झाली आणि भांडवली मूल्यावर आधारित आकारणी आली. सूत्र लांबलचक दिसते, पण त्यात मोजक्याच गोष्टी आहेत.

घराचे क्षेत्रफळ गुणिले जमिनीचा दर. त्यात मिळवायचे क्षेत्रफळ गुणिले बांधकामाचा दर गुणिले घसारा. या बेरजेला वापराच्या भारांकाने गुणायचे. राहण्यासाठी वापर असेल तर भारांक १, औद्योगिक वापराला १.२०, व्यापारी वापराला १.२५. जे उत्तर येईल ते घराचे भांडवली मूल्य. त्यातील दर हजार रुपयांमागे काही पैसे किंवा रुपये म्हणजे घरपट्टी.

एक उदाहरण घेऊ. आकडे फक्त हिशेब समजण्यासाठी आहेत. समजा ३० चौरस मीटरचे जुने घर आहे. जमिनीचा दर चौरस मीटरला ३०० रुपये, बांधकामाचा दर ५,००० रुपये आणि घसारा ०.६० धरला. जमिनीचे ९,००० आणि बांधकामाचे ९०,००० असे मिळून ९९,००० रुपये भांडवली मूल्य झाले. हजाराला ६० पैसे दर असेल तर वर्षाची घरपट्टी ५९ रुपये ४० पैसे. त्याच घरात पूर्ण दुकान असेल तर मूल्य १,२३,७५० रुपये होईल आणि त्याच दराने कर ७४ रुपये २५ पैसे.

यातले काय ग्रामपंचायतीच्या हातात आहे? जमिनीचा आणि बांधकामाचा दर नोंदणी व मुद्रांक विभागाच्या वार्षिक मूल्य दर तक्त्यातून, म्हणजे रेडी रेकनरमधून येतो. तो राज्य पातळीवर ठरतो. घसारा आणि भारांक नियमांत दिलेले आहेत. ग्रामपंचायतीच्या हातात उरतो तो ‘हजाराला किती’ हा दर. त्यालाही घराच्या प्रकारानुसार किमान आणि कमाल मर्यादा आहे. कुडाच्या किंवा मातीच्या घराला कमी, सिमेंट-काँक्रीटच्या स्लॅबला जास्त. या मर्यादेच्या आत नेमका कोणता आकडा घ्यायचा, हे गावात ठरते.

म्हणूनच घरकुल योजनेतून मातीचे घर पाडून पक्के घर बांधले की कर वाढतो. कुणी मुद्दाम वाढवला असे नसते. घराचा प्रकार बदलतो आणि जुन्या घराचा घसाराही संपतो.

दर बदलण्याची पद्धत काय?

ग्रामपंचायतीची कर आकारणी साधारणपणे दर चार वर्षांनी नव्याने करायची असते. नगर परिषद आणि नगरपंचायतीतही ‘चतुर्थ वार्षिक कर आकारणी’ हा शब्द त्यातूनच आला. मधल्या काळात नवे बांधकाम झाले, घर पडले किंवा वापर बदलला, तर तेवढी नोंद बदलता येते.

नवा कर किंवा नवा दर लावताना ग्रामपंचायतीला आधी ठराव करावा लागतो. मग तो प्रसिद्ध करून लोकांच्या हरकती मागवाव्या लागतात. त्यासाठी किमान एक महिन्याची मुदत असते. आलेल्या हरकतींचा विचार करून अंतिम ठराव होतो. त्यानंतर घरनिहाय आकारणी यादी तयार होते आणि तीही पाहण्यासाठी खुली ठेवली जाते.

कागदांची नावे लक्षात ठेवली तर कार्यालयात विचारणे सोपे जाते. नमुना ८ म्हणजे कर आकारणी नोंदवही, म्हणजे कोणत्या घराला किती कर लागतो ते. नमुना ९ म्हणजे मागणी नोंदवही, म्हणजे यंदाची आणि मागची मिळून किती बाकी आहे ते. नमुना १० म्हणजे तुम्हाला मिळणारी पावती. आकारणी चुकली असे वाटत असेल तर पावती दाखवून उपयोग नाही, नमुना ८ चा उतारा मागावा लागतो. त्यात क्षेत्रफळ, घराचा प्रकार आणि वापर तपासा. जास्तीत जास्त चुका तिथेच सापडतात. नमुना ८ वर नाव आहे म्हणून जमिनीची मालकी सिद्ध होत नाही, हेही ध्यानात ठेवा. ती फक्त कराची नोंद आहे.

ग्रामपंचायतीने दाद दिली नाही तर कायद्याच्या कलम १२४ नुसार पंचायत समितीकडे अपील करता येते. पोशेऱ्यासाठी ती मोखाड्यात आहे. त्यापुढचे अपील जिल्हा परिषदेच्या स्थायी समितीकडे जाते.

पाणीपट्टीचा हिशेब वेगळा का?

घरपट्टीत घराची किंमत पाहिली जाते. पाणीपट्टीत योजनेचा खर्च पाहावा लागतो. मोखाडा तालुक्यात पाऊस भरपूर पडतो, पण गावे आणि पाडे उंचावर, तर नद्या खोल दरीत. पाणी खालून वर उचलावे लागते. म्हणजे पंप आला आणि पंप आला की विजेचे बिल आले.

जल जीवन मिशन १५ ऑगस्ट २०१९ ला जाहीर झाले. माणशी रोज ५५ लिटर पाणी नळाने देण्याचे उद्दिष्ट त्यात आहे. गावांतर्गत कामांच्या खर्चात साधारण गावांनी १० टक्के, तर डोंगराळ, जंगलव्याप्त किंवा अनुसूचित जाती-जमातींची निम्म्याहून अधिक लोकसंख्या असलेल्या गावांनी ५ टक्के लोकवर्गणी द्यायची असते. टाकी, पाइप, पंप यांचा मोठा खर्च सरकार करते. पण योजना गावाच्या ताब्यात आल्यानंतर ती चालवण्याचा खर्च गावाने पाणीपट्टीतून भागवावा, अशी अपेक्षा असते. खरी अडचण इथे सुरू होते.

पुन्हा एक काल्पनिक हिशेब. समजा १५० घरांची नळयोजना आहे. महिन्याचे वीजबिल १२,००० रुपये, जलसुरक्षकाचे मानधन ५,००० रुपये, टीसीएल पावडर आणि किरकोळ दुरुस्तीचे ४,००० रुपये. एकूण २१,००० रुपये. १५० घरांत वाटले तर घरामागे महिन्याला १४० रुपये, वर्षाला १,६८० रुपये.

आता समजा काही वर्षांपूर्वी महिन्याला ५० रुपये पाणीपट्टी ठरली आणि तिथेच राहिली. सगळ्यांनी भरली तरी ७,५०० रुपयेच जमतात. निम्म्यांनीच भरली तर ३,७५०. उरलेले पैसे ग्रामपंचायत इतर कुठून तरी आणते किंवा बिल थकते. बिल थकले की जोडणी तुटते, जोडणी तुटली की नळ कोरडे पडतात आणि नळ कोरडे पडले की ‘पाणीच नाही तर पट्टी कसली’ म्हणून उरलेलेही भरणे थांबवतात. पाणीपट्टी न वाढवल्याचा फटका शेवटी हंडा घेऊन दरीत उतरणाऱ्या बाईला बसतो.

विजेचा दरही गावाच्या हातात नसतो. तो महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग ठरवतो. आयोग महावितरणच्या प्रस्तावावर हरकती मागवतो, जाहीर सुनावणी घेतो आणि मग आदेश काढतो. सार्वजनिक पाणीपुरवठ्यासाठी वेगळी वर्गवारी आहे. पण तो दर वाढला, तर गावाची पाणीपट्टी न वाढताही तूट वाढते.

मुंबईचा दर कसा वाढतो?

मुंबईला पाणी देणाऱ्या सात जलाशयांपैकी मध्य वैतरणा हे धरण मोखाडा तालुक्यातील कोचाळे येथे आहे. मुंबई महापालिकेने ते बांधले. उंची १०२ मीटरहून अधिक आणि मुंबईला त्यातून रोज ४५५ दशलक्ष लिटर पाणी मिळावे, अशी आखणी. म्हणजे ज्या तालुक्यात उन्हाळ्यात टँकर फिरतात, तिथूनच मुंबईच्या नळाला पाणी जाते.

मुंबईत पाण्याचा दर कसा बदलतो ते पाहा. २०१२ मध्ये महापालिकेने धोरण ठरवले. आस्थापना खर्च, वीज, देखभाल, राज्य सरकारला द्यावे लागणारे पाण्याचे पैसे हे सगळे मोजायचे आणि खर्च वाढला असेल त्या प्रमाणात, पण जास्तीत जास्त ८ टक्के, दरवर्षी १६ जूनपासून वाढ करायची. २०२२ मध्ये या सूत्राने ७.१२ टक्के वाढ झाली. २०२३ मध्ये वाढीचा प्रस्ताव आला, विरोध झाला आणि ती अमलात आली नाही. म्हणजे सूत्र असले तरी शेवटचा शब्द राजकारणाचाच असतो.

त्या वाढीनंतरही इमारतींतील घरगुती ग्राहकाचा दर हजार लिटरला साधारण सहा-साडेसहा रुपयांच्या घरात राहिला, झोपडपट्टीचा त्याहून कमी. हॉटेल आणि व्यावसायिक जोडण्यांकडून अनेक पटींनी जास्त घेतले जाते आणि त्यातून घरगुती दर आवाक्यात राहतो. शिवाय वैतरणेचे पाणी बरेचसे उताराने वाहत जाते.

आता वरचा १५० घरांचा हिशेब या मापाने मोजू. पाच माणसांच्या घराला रोज माणशी ५५ लिटर म्हणजे महिन्याला ८,२५० लिटर. त्यासाठी १४० रुपये म्हणजे हजार लिटरला सुमारे १७ रुपये. मुंबईच्या घरगुती दराच्या अडीचपटीहून जास्त. गावात हॉटेल नाही, कारखाना नाही, त्यामुळे जास्त पैसे देणारा मोठा ग्राहकही नाही. खर्च वाटून घ्यायला फक्त घरेच आहेत. छोटी योजना महाग का पडते, याचे उत्तर या एका भागाकारात आहे.

मग गरीब गावाने करायचे काय?

जगात यावर वेगवेगळे मार्ग काढले गेले. दक्षिण आफ्रिकेने कुटुंबाला महिन्याला ६,००० लिटर पाणी मोफत देण्याचे धोरण २००० नंतर आणले. दिल्लीने २०१५ मध्ये महिन्याला २०,००० लिटरपर्यंतचे पाणी मोफत केले. पण मोफत म्हणजे खर्च शून्य नव्हे, तो सरकारी तिजोरीतून जातो.

गावाकडेही असे काही आधार आहेत. १५ व्या वित्त आयोगाने २०२१-२६ या काळात ग्रामीण संस्थांच्या अनुदानातील ६० टक्के रक्कम पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधून दिली. मोखाडा आणि जव्हार अनुसूचित क्षेत्रात येतात. त्यामुळे पेसा कायद्याखालील ग्रामपंचायतींना आदिवासी उपयोजनेच्या ५ टक्के निधी थेट मिळतो. सौर पंप बसवला तर वीजबिलाचा सर्वात मोठा आकडाच कमी होतो. पण निधीचा आकडा दरवर्षी बदलतो आणि पंप रोज चालवावा लागतो. म्हणून थोडी का होईना, नियमित जमणारी पाणीपट्टी लागतेच.

वाढ करायची तर ती एकदम की हळूहळू, हा पुढचा प्रश्न. महिन्याला ५० रुपयांवरून एका फटक्यात १४० केले तर ती १८० टक्के वाढ होते आणि गाव भडकते. दरवर्षी ८ टक्क्यांनी वाढवत गेले तर हाच टप्पा गाठायला तेरा-चौदा वर्षे लागतात. दहा वर्षे दराला हात न लावणारी ग्रामपंचायत पुढच्या सरपंचासाठी मोठा दणका राखून ठेवत असते.

दाखल्याची फी कोण ठरवते?

इथे गावाला अधिकार नाही. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ खाली सेवा, मुदत आणि शुल्क अधिसूचित केले जाते. ग्रामपंचायतीतील जन्म-मृत्यू नोंदीचा दाखला, नमुना ८ चा उतारा, थकबाकी नसल्याचा दाखला यांना २० रुपये आकारले जातात. दारिद्र्यरेषेखालील असल्याचा दाखला आणि हयातीचा दाखला निःशुल्क आहे. सेवा, मुदत आणि फी यांचा फलक कार्यालयात दिसेल असा लावणे बंधनकारक आहे. कारण नसताना सेवा रखडवली तर संबंधित अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो.

‘आपले सरकार’ सेवा केंद्रातून अर्ज केला तर केंद्राचे सेवा शुल्क वेगळे लागते. ते अनेक वर्षे २० रुपये होते. २०२५ मध्ये शासन निर्णयाने ते ५० रुपये झाले. घरपट्टीसारखी हरकतीची मुदत, ग्रामसभा यांपैकी काहीही यात नसते. पावती मागणे आणि फलकावरच्या दराशी ताडून पाहणे, एवढेच आपल्या हातात असते. पावती न देता जास्त पैसे घेतले जात असतील, तर ती फी नव्हे.

हरकतीची मुदत आणि वीटभट्टीचा हंगाम

कायद्याने महिनाभराची मुदत दिली आहे, पण गाव त्या वेळी गावात असते का? मोखाडा-जव्हारमधील अनेक कुटुंबे दिवाळीनंतर भिवंडी, वसईच्या बाजूला वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. ग्रामपंचायतीचे पुढच्या वर्षाचे अंदाजपत्रक तयार होते ते मात्र डिसेंबर-जानेवारीत, आणि वसुलीचा जोर असतो मार्चमध्ये. दरवाढीची नोटीस याच काळात फलकावर लागली, तर ती वाचायला ज्यांनी यायचे ते भट्टीवर असतात. सगळे कागदोपत्री नियमात बसते, पण हरकत एकही येत नाही.

उपाय फार अवघड नाही. आर्थिक वर्षात किमान चार ग्रामसभा घ्याव्याच लागतात. कर आणि पाणीपट्टीचा विषय १५ ऑगस्ट किंवा २ ऑक्टोबरच्या सुमारास होणाऱ्या सभेत घ्यावा, असा आग्रह गावकरी धरू शकतात. तेव्हा माणसे घरी असतात. नोटिशीचा फोटो पाड्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला, तर भट्टीवर असलेल्यांपर्यंतही ती पोहोचते.

तुम्ही काय कराल?

एक, पावती जपून ठेवा आणि नमुना ८ चा उतारा एकदा तरी काढा. दोन, क्षेत्रफळ, घराचा प्रकार आणि वापर तपासा. तीन, दर वाढला असेल तर ठरावाची तारीख आणि क्रमांक विचारा. मिळत नसेल तर माहिती अधिकारात १० रुपयांचा अर्ज करता येतो. चार, ग्रामसभेत पाणी योजनेचा जमा-खर्च मागा. वीजबिल किती, वसुली किती, तूट किती, हे तीन आकडे पुरेत. पाच, आर्थिक वर्षाच्या पहिल्या सहा महिन्यांत घरपट्टी भरल्यास ५ टक्के सूट मिळते, ती घ्या.

आणि निवडणुकीला उभे राहणार असाल तर एक जास्तीची गोष्ट. मागणीचे बिल मिळाल्यापासून तीन महिन्यांत कर न भरणारी व्यक्ती कलम १४ नुसार ग्रामपंचायत सदस्य होण्यास किंवा राहण्यास अपात्र ठरू शकते. दर ठरवायला बसायचे असेल, तर आधी स्वतःची पट्टी भरावी लागते.